घटकावाल्याची टोपी

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. शपथ घ्या म्हणाल तर घेतो, हात कशावर ठेवू तेवढं सांगा. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तिथे नव्हतो, कारण गोष्ट फार पूर्वीची, माझ्या पणजोबांचे दुधाचे दात पडायच्याही आधीची. ज्याने मला सांगितली तोही तिथे नव्हता. पण त्याने ज्याच्याकडून ऐकली तो माणूस सज्जन होता, फक्त जरा बहिरा होता. तेव्हा सगळं खरं धरून चला. एकच जागा मी पदरची घातली आहे, ती शेवटी कबूल करीन.

तर एका नगरात एक उंच मनोरा होता, आणि मनोऱ्यात एक घटकावाला राहायचा.

त्या काळी घड्याळं नव्हती. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला केसाएवढं भोक. पाणी हळूहळू आत शिरायचं, वाटी भरली की गुडुप करून बुडायची. वाटी बुडाली की एक घटका झाली. मग घटकावाल्याने काशाच्या थाळीवर टोला द्यायचा आणि वाटी उचलून पुन्हा पाण्यावर सोडायची. दिवसाच्या तीस, रात्रीच्या तीस. मग तो झोपायचा कधी, असं विचाराल. घटकेघटकेने झोपायचा. खोटं वाटत असेल तर स्वतः करून बघा.

या कामामुळे त्याला मनोरा सोडता येत नसे. खाणंपिणं दोराला बांधलेल्या टोपलीतून वर यायचं. खाली वाकून बघितलं की त्याला नगरातली माणसं दिसायची, पण वरून. म्हणजे टकलं दिसायची, पागोटी दिसायची, भांग दिसायचे. चेहरा एकाचाही नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी लाह्या भाजणारी एक बाई बसायची. तिचा सरळ भांग त्याच्या चांगला ओळखीचा होता. दर वर्षी तो जरासा रुंद होत चालला होता.

टोला कधी चुकला नाही, आणि तिथेच त्याचं नुकसान झालं. एक दिवस खालून दोन पागोटी चालली होती. एक म्हणालं, "वर माणूस बसतो म्हणतात."

दुसरं हसलं. "माणूस? इतका बिनचूक? काहीतरी यंत्र असणार."

घटकावाल्याने घंगाळात वाकून आपला चेहरा पाहिला. "ऐकलंस?" तो चेहऱ्याला म्हणाला. तेवढ्यात वाटी बुडाली आणि चेहरा मोडला.

त्या नगरात वर्षातून एक दिवस नगरभोजन असे. राजवाड्याच्या अंगणात सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. त्या दिवशी वेळ मोजायची नाही असा नेम होता. वाटी पालथी घालायची, थाळी झाकून ठेवायची. घटकावाला त्या दिवशी मोकळा असे. तरी तो कधी गेला नव्हता, कारण पंगतीला उंच दरबारी टोपी लागायची. बाप्या असो की बाई, टोपी नाही तर पान नाही. आणि टोपीवाल्याकडे टोपी शिवायची म्हणजे मापासाठी सात खेपा. याला एक खेप घालायची सोय नव्हती.

या वर्षी मात्र त्याने ठरवलं, की टोपी घरीच करायची. कोणीतरी एकदा आपल्याकडे बघून "बसा, जेवा" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

सामान काय, तर मनोऱ्यात साठलेली जुनी पंचांगं होती, त्यांचे पुठ्ठे होते. दिव्याची काजळी होती. मनोऱ्याच्या कळसात अडकून फाटलेल्या पतंगांचे रंगीत कागद होते. सुई-दोरा होता. नव्हती ती फक्त चिकटवायची खळ. त्याने दोराची टोपली खाली सोडली आणि ओरडला, "अहो बाई! थोडी कणकेची खळ शिजवून द्याल का?"

"खळ?" खालून लाहीवालीचा आवाज आला. "पोटात गोळा येईल हो, वरचे!"

"खायला नाही. टोपी करतोय."

"टोपी? कोणाची?"

"माझी. नगरभोजनाला जायचंय."

खाली तिने भट्टीवरच्या लाह्या एकदा हलवल्या. मग ती म्हणाली, "करा, करा. पण घालणार कोण?"

"मीच की."

"अहो, आपली टोपी आपण घालायची नसते. दुसऱ्याने आपल्या डोक्यावर ठेवायची असते. दारावर विचारतात, टोपी कोणाच्या हातची? कोणी सांगतं आईच्या हातची, कोणी बायकोच्या हातची. तुमचं कोण आहे?"

 त्याने उलट विचारलं, "तुमची कोण घालतं?"

"मला कुठली टोपी? चाळीस वर्षं भोजनाच्या लाडवांना लाह्या माझ्याच लागतात. टोपली दारात ठेवायची नि मागे फिरायचं." आणि तिने खळीचं भांडं टोपलीत ठेवून दोर हलवला.

घटकावाल्याने काम सुरू केलं. डोक्याभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं. त्या मापाची पुठ्ठ्याची उभी पट्टी कापली, वाकवली, कडा एकमेकींवर चढवून शिवल्या. नळकांडं तयार झालं. वरचं झाकण गोल कापलं आणि त्याच्या कडेला करवतीसारखे दाते ठेवले. ते दाते खाली मुडपून खळीने आतून चिकटवले. खालच्या कडेला तळहाताएवढी रुंद झालर बसवली. सगळ्यावर पंचांगाची पानं एकावर एक डकवली आणि सुकेपर्यंत झालरीवर विटा ठेवल्या. हे सगळं एका वेळी एकेक घटका. पहिली टोपी उंदरांनी खळीपायी कुरतडली. दुसरीच्या वेळी तो दाते मुडपण्यात इतका रंगला, की वाटी बुडालेली कळलीच नाही. त्या दिवशी सारं नगर उशिरा जेवलं. एका सासूने सुनेला उगाच बोल लावले, असंही ऐकिवात आहे.

आता टोपी सजवायची. नगरभोजनाच्या दिवशी वरून त्याला काय दिसायचं? काळ्या चकत्या. माणसामागून माणूस, चकतीमागून चकती. तो स्वतःशी म्हणाला, 'इतका मोठा दिवस, आणि लोक नुसत्या काळ्या चकत्या घालून जातात! हौस म्हणून नाही कोणाला.' त्याने टोपीच्या माथ्यावर काजळीचा हात दिला, आणि त्यावर पतंगाच्या कागदाचा सूर्य चिकटवला. साठ घटकांचे साठ किरण. लाल, पिवळा, पोपटी, निळा. एकेक किरण नखाएवढ्या तुकड्यांचा. बाजूंना मात्र काहीच लावलं नाही. पंचांगाची पानं तशीच उघडी राहिली. बाजू कोणाला दिसतात?

भोजनाचा दिवस उजाडला. त्याने वाटी पालथी घातली, थाळी झाकली, टोपी दोन्ही हातांत धरली आणि एकशे चार पायऱ्या उतरून तो रस्त्यावर आला.

रस्ताभर चेहरे होते. नाकं, मिशा, नथी, हनुवट्या. त्याला एकही ओळखू येईना. ज्या माणसाचं टक्कल तो तीस वर्षं रोज बघत होता, तो शेजारून गेला असेल, पण कळणार कसं? त्याने टाचा उंच करून एक-दोघांच्या डोक्यात डोकावून पाहिलं, तर ते चिडले. "काय रे, उवा शोधतोस?" त्यालाही कोणी ओळखलं नाही. ओळखणार तरी कशावरून?

राजवाड्याच्या दारात रांग लागली होती. तिथे त्याला पहिल्यांदा टोप्या बाजूने दिसल्या. जरीचे पट्टे, मोत्यांच्या लडी, रेशमी गोंडे. सगळी हौस बाजूंनाच होती. माथे तेवढे काळे. त्याने आपल्या हातातल्या टोपीकडे बघितलं आणि ती छातीशी धरली, पण तोवर उशीर झाला होता.

"अरे, याच्या टोपीवर एकादशी आहे!" मागचा माणूस ओरडला. "आज जेवू नकोस बाबा, उपास मोडेल."

"जरा फिरव की," दुसरा म्हणाला, "पुढच्या महिन्यात लग्नाचा मुहूर्त आहे का बघू."

"वरून बघा ना," घटकावाला हळूच म्हणाला.

"वरून? आम्ही काय कावळे?" आणि सगळी रांग हसली.

दारापाशी दरवान उभा होता. "टोपी घाला," तो म्हणाला. "कोणाच्या हातची?"

घटकावाल्याने टोपी छातीशी आणखी घट्ट धरली. मागच्याला भूक लागली होती. तो कानाशी कुजबुजला, "घाल स्वतःच, आणि आईच्या हातची म्हणून सांग. कोण बघायला येतंय?"

किती सोपं होतं. आतून कढीच्या फोडणीचा वास येत होता. पानं मांडली होती. कोणीतरी कोणालातरी "बसा हो, बसा" म्हणत होतं. पण ज्याने जन्मात एक टोला मुद्दाम खोटा दिला नाही, त्याच्या तोंडून ते निघेना.

"अजून कोणाच्याच हातची नाही," तो म्हणाला.

"मग बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. रांग पुढे सरकली. टोपी हातात घेऊन तो भिंतीशी उभा राहिला. एका दिवसात इतकी माणसं त्याने इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती, आणि इतकं एकटं त्याला मनोऱ्यातही कधी वाटलं नव्हतं.

"अहो वरचे!"

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याने वळून बघितलं. लाह्यांची टोपली काखेत घेतलेली एक म्हातारी समोर उभी होती. भट्टीच्या धगीने भुवया जळालेल्या, एक गाल दुसऱ्यापेक्षा तांबूस. घटकावाल्याने नकळत खाली वाकून तिचा भांग बघितला. सरळ, रुंद. तीच.

"असे काय बघता? द्या इकडे." तिने टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसले, टोपी घेतली आणि माथा बघून क्षणभर थबकली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मग तिने ती त्याच्या डोक्यावर ठेवली. टोपी कानांवर आली. "थोडी मागे घ्या. हां. आता दिसता तरी. जा."

तो दरवानापुढे गेला. "या बाईंच्या हातची," तो म्हणाला.

दरवान बाजूला झाला. "या. बसा, जेवा."

हेच तर ऐकायला तो उतरला होता. त्याने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि मागे बघितलं. लाहीवाली टोपली दरवानाच्या पायाशी ठेवून, गेली चाळीस वर्षं करत आली होती तसं, मागे फिरली होती. वरून तिचं हे मागे फिरणं त्याने कितीदा बघितलं असेल. वरून ते नुसतं एका भांगाचं वळणं दिसायचं. खालून पाठ दिसत होती.

घटकावाल्याने पाय मागे घेतला. तिला गाठलं, टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली.

"हे काय? वेड लागलं का?"

"आता ही माझ्या हातची. तुम्ही आत जा."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो. थांबायची मला सवय आहे."

"सवयीचं कौतुक सांगू नका," ती म्हणाली, "सवय मलाही आहे." आणि आत जायचं सोडून ती दारासमोरच्या पायरीवर बसली. टोपी तशीच डोक्यावर. मग दरवानाकडे बघून म्हणाली, "ए बाबा, ती टोपली दे इकडे. माझीच आहे. आज लाडू लाह्यांवाचून वळा म्हणावं." टोपली आल्यावर तिने पायरीवरची आपल्या शेजारची जागा पदराने झटकली. "बसा," ती घटकावाल्याला म्हणाली. "जेवा."

राजा वरच्या सज्जात बसला होता. दर वर्षी तो तिथूनच पंगत बघायचा, आणि त्यालाही दर वर्षी काळ्या चकत्याच दिसायच्या. आज दाराबाहेर, पायरीवर, साठ किरणांचा सूर्य उगवलेला त्याला दिसला. तो तडक जिना उतरून खाली आला. "ही टोपी ज्याने केली," तो म्हणाला, "त्याला वर बसणं म्हणजे काय ते माहीत आहे." आणि मुकुट बाजूला ठेवून तो त्या दोघांच्या मध्ये पायरीवर बसला, त्याने टोपलीत हात घातला आणि मूठभर लाह्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी घटकावाला पुन्हा मनोऱ्यात होता. वाटी बुडाली, त्याने टोला दिला आणि सवयीने खाली वाकला. भट्टीपाशी नेहमीचा भांग दिसला. मग तो हलला, नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी जळक्या भुवयांचा एक चेहरा वर बघत होता.

तात्पर्य: उंचावरून माणसांच्या टोप्याच दिसतात; माणूस दिसायला पायऱ्या उतराव्या लागतात.

आता कबुली. टोपी खरी, खळ खरी, वर बघणारा तो चेहरा तर अगदी खरा. राजा खाली उतरला, एवढं मात्र मी पदरचं घातलं. तो उतरला नाही. सज्जाच्या कठड्यावर हात ठेवून, दोघांची टोपली रिकामी होईपर्यंत तो त्या सूर्याकडे नुसता बघत राहिला. पण गोष्ट संपवायची वेळ आली, आणि त्याला तसं एकट्याला वर ठेवून निघायचं माझ्याच्याने होईना.