लाल गाडी, हिरवी गाडी आणि लिंबाजी

हायवेच्या कडेला वाघजाईवाडी म्हणून गाव आहे. त्या गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'येथे थांबू नये' असं लिहिलं होतं. लिंबाजी ते चालता चालता वाचायचा. वाचन हळू. त्या तीन शब्दांसाठी त्याला भिंतीपुढून चार चकरा माराव्या लागल्या. पण थांबला नाही.

अंगात ताकद भरपूर, मनात पाप नाही. सांगितलेलं काम करायचा. अडचण एवढीच, की सांगितलेलंच करायचा.

त्याच गावात अनुसयाअक्का आणि त्यांचे यजमान नाना राहत. हायवेला लागून त्यांची मोठी सपाट जागा होती. अक्कांनी तिथं डांबर टाकून गो-कार्टचा ट्रॅक केला. गो-कार्ट म्हणजे जमिनीला टेकलेली, बिनछपराची, एका माणसापुरती गाडी. तिच्यात बसून कुठं जायचं नसतं. गोल गोल फिरायचं आणि दुसऱ्याच्या आधी परत यायचं. लोक हौसेनं येतात.

गाड्या आठ घ्यायच्या होत्या. पण कुठल्या? पुण्याच्या विक्रेत्यानं पंधरा दिवस चालवून बघायला दोन पाठवल्या. लाल पेट्रोलची, हिरवी बॅटरीची.

नाना म्हणाले, "लालच घ्यायची. आवाज नाही ती गाडी कसली? बसल्यावर पोटात धडधडलं पाहिजे."

अक्का म्हणाल्या, "मला धूर नको. गच्चीवर माझे पापड वाळत असतात. हिरवी घ्यायची."

दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवसापासून अबोला. संसाराला चाळीस वर्षं झालेली, पण नाना पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घेऊ लागले. अशा वेळी अक्कांनी लिंबाजीला कामावर ठेवलं.

निघताना बायको सखुबाईनं त्याला उंबऱ्यावर थांबवलं. "हे पाचवं काम हाय तुमचं. अक्का सांगतील ते कानात साठवा, अन् तस्संच करा."

"तस्संच करतो," लिंबाजी म्हणाला.

पहिल्या दिवशी अक्कांनी लाल गाडीची दोरी ओढून दाखवली. गाडी धडधडली. अक्का म्हणाल्या, "हे बघ. आवाज आला म्हणजे गाडी चालू. आवाज नाही म्हणजे बंद."

लिंबाजीनं ते मनात तीनदा घोकलं.

मग तो हिरवीकडे गेला. किल्ली फिरवली. आवाज नाही. म्हणजे बंद. त्यानं चाकाला टोचून बघितलं, खाली वाकून बघितलं. शेवटी हातानं पायातलं पॅडल दाबलं. हिरवी गाडी कुणाला काही न सांगता निघाली, टायरच्या कुंपणातून बाहेर पडली आणि अक्कांच्या वाळत्या लुगड्यासकट कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन बसली.

अक्का धावत आल्या. "अरे देवा! लिंबाजी, आवाज नाही म्हणून बंद समजायचं नसतं! गाडी गप्प असली तरी चालू आहे असं धरून चालायचं अन् लोकांना लांब ठेवायचं!"

"चुकलं अक्का. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी लाल गाडीची टाकी रिकामी झाली. ती ट्रॅकच्या मधोमध थांबली. एकदम गप्प. लिंबाजीनं ताबडतोब भोवती दोरी बांधली आणि हातात काठी घेऊन उभा राहिला. साताऱ्याकडून एक मोठं कुटुंब आलं होतं. लिंबाजी ओरडला, "जवळ येऊ नका! गाडी चालू आहे!"

"चालू? अहो, ती तर जागेवर उभी आहे," कुटुंबातले आजोबा म्हणाले.

"म्हणूनच जास्त सांभाळायचं," लिंबाजी म्हणाला.

कुटुंब थोडा वेळ उभ्या गाडीकडे घाबरून बघत राहिलं आणि निघून गेलं. नाना जेवून आले तेव्हा लिंबाजी उन्हात घामाघूम होऊन एका बंद गाडीवर पहारा देत होता.

नानांनी कपाळाला हात लावला. "अरे, तिच्या पोटात पेट्रोल नाही! गाडी अशी मधेच थांबली की पहारा करायचा नसतो. पेट्रोल पाजायचं. पोट भरलं की पळते."

लिंबाजीनं ते मनात तीनदा घोकलं.

तिसऱ्या दिवशी बॅटरी संपून हिरवी थांबली. लिंबाजी धावत जाऊन पेट्रोलचा कॅन आणि नरसाळं घेऊन आला. पण तोंड कुठं सापडेना. त्यानं सीट उचलली, चाकं फिरवली, हॉर्न दाबला. शेवटी चार्जिंगचं भोक सापडलं. ते होतं बारीक. म्हणून तो घरी गेला आणि सखुबाईचं औषध पाजायचं बोंडलं घेऊन आला. अर्धं बोंडलं पाजून झालं तेवढ्यात अक्का पोचल्या.

त्यांनी कॅन हिसकावला. गाडी पुसली, उन्हात ठेवली, दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. मग लिंबाजीला समोर बसवून सावकाश सांगितलं, "दमलेल्याला कधी पाजायचं नाही. सावलीत न्यायचं, चार्जरची पिन लावायची, आणि दोन तास हलू द्यायचं नाही. समजलं?"

"समजलं. पाजायचं नाही, पिन लावायची, हलू द्यायचं नाही."

चौथ्या दिवशी हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर सोनटक्के गुरुजी आले. अंगानं भारी, पण हौस मोठी. लाल गाडीतून वीस फेऱ्या मारून उतरले आणि बाकावर कोसळले. "लिंबाजी, दमलो रे बाबा. घोटभर पाणी दे."

लिंबाजीनं मान हलवली. "पाजायचं नाही."

"अरे, घसा कोरडा पडलाय!"

"दोन तास हलायचं नाही, गुरुजी."

त्यानं गुरुजींना खांद्यावर टाकलं, शेडमध्ये नेलं आणि हिरव्या गाडीशेजारी आडवं केलं. मग चार्जरची वायर घेऊन पिन कुठं लावावी याचा विचार करत बसला. कान लहान होते. नाक त्याला योग्य वाटलं. गुरुजींनी पोरांना आयुष्यभर ओरडून शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचा आवाज गच्चीपर्यंत गेला आणि अक्का पापड टाकून खाली आल्या. बटण अजून दाबलेलं नव्हतं.

गुरुजी तांब्याभर पाणी पिऊन तडक निघून गेले. अक्कांनी चार्जरची वायर हिसकावून घेतली. "माणूस अन् गाडी यात फरक असतो की नाही? माणसाला तोंड आहे. माणूस काय म्हणतो ते ऐकायचं! गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं!"

"गिऱ्हाईक म्हणेल तसं," लिंबाजीनं घोकलं.

पाचव्या दिवशी शेजारच्या गावचे एक गृहस्थ आले. हिरव्या गाडीतून दोन फेऱ्या झाल्यावर ते फाटकापाशी थांबले. "छान आहे. आवाज नाही, धूर नाही. जरा बाजारातून मेथी घेऊन येतो. फाटक उघड."

लिंबाजीनं फाटक उघडलं. वर "सावकाश जा" असंही म्हणाला.

गृहस्थ हायवेवरून मेथी आणायला गेले. मागं उसाचे तीन ट्रॅक्टर अडकले. बाजारात लोकांना भाजीच्या ढिगावरून फक्त एक हेल्मेट सरकताना दिसलं. गृहस्थ परत आले ते हवालदाराच्या मोटारसायकलला दोरानं बांधलेले. मांडीवर मेथीच्या दोन जुड्या होत्या.

हवालदार गेल्यावर अक्कांनी फाटक लावून घेतलं. मग म्हणाल्या, "लिंबाजी, हे शेवटचं सांगते. एकदा माणूस गाडीत बसला की तो काहीही बरळतो. गाडीतल्या माणसाचं ऐकायचं नाही. त्याला ओरडू दे, शिव्या देऊ दे. मी जे आधी सांगितलंय तेच करायचं. आता चुकलास तर घरी जायचं."

लिंबाजीनं ते मनात तीनदा घोकलं. घरी गेला आणि जेवला नाही. सखुबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "उद्या शेवटची संधी हाय. उद्या मी एक अक्षर इकडचं तिकडं करणार न्हाई."

दुसरा दिवस शर्यतीचा होता. अबोला किती दिवस चालायचा? शेवटी नानांनीच भिंतीकडे बघत सुचवलं होतं, की दोन्ही गाड्यांची शर्यत लावावी. नाना लालमध्ये, अक्का हिरवीत. जी जिंकेल तसल्या आठ घ्यायच्या. हरलेली परत न्यायला पुण्याचा टेम्पो सकाळीच येऊन उभा राहिला होता. अर्धं गाव कुंपणाशी जमलं.

अक्कांनी पदर खोचला, हेल्मेट चढवलं आणि लिंबाजीला जवळ बोलावलं. ट्रॅकबाहेर, फाटकापाशी चुन्याची पांढरी रेघ आखलेली होती.

"नीट ऐक. दहा फेऱ्या झाल्यावर आम्ही येऊ. जी गाडी पहिली ही रेघ ओलांडेल ती आपली. तिला हार घाल, कुंकू लाव, शेडमध्ये नेऊन कुलूप लाव. दुसरी येईल ती तशीच्या तशी टेम्पोत चढव अन् पुण्याला पाठवून दे. मला विचारत बसू नको."

"विचारत न्हाई, अक्का."

शर्यत सुरू झाली. लाल गाडी गुरगुरत पुढं गेली. नानांच्या चेहऱ्यावर चाळिशीतलं तेज आलं. पण वळणावरून निघताना हिरवी अशी झपकन सुटायची, की लोक टाळ्या वाजवायचे. तिसऱ्या फेरीला अक्का पुढं, पाचव्या फेरीला नाना पुढं. नवव्या फेरीला अक्कांनी नानांना मागं टाकलं आणि अबोला धरल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या. "हटा बाजूला!" असं म्हणाल्या.

लिंबाजी हातात हार घेऊन रेघेकडे डोळे लावून बसला होता. पापणीसुद्धा लवत नव्हती.

एवढ्यात फाटकातून बाबालाल भेळवाला गर्दी बघून आत शिरला. पुढं त्याची हातगाडी. हातगाडीची चाकं पांढऱ्या रेघेवरून गेली.

लिंबाजी उठला. गाडीला हार घातला, चिंचेच्या पाण्याच्या बरणीला कुंकू लावलं.

"हे काय?" बाबालाल म्हणाला.

"तुम्ही जिंकलात. पेट्रोल न्हाई, चार्जिंग न्हाई, तरी पहिली." लिंबाजी त्याला ढकलत शेडकडे घेऊन गेला. "अशा आठ घ्यायच्या हायेत."

आठ गाड्या भेळ म्हटल्यावर बाबालालनं विरोध केला नाही. तो खुशीनं आत गेला. लिंबाजीनं बाहेरून कुलूप लावलं आणि धावत रेघेवर परत आला. अगदी वेळेवर. हिरवी गाडी समोरून सुसाट आली, रेघ ओलांडून थांबली. अक्कांनी दोन्ही हात वर केले.

"दुसरी!" लिंबाजी ओरडला. "टेम्पो मागं घ्या!"

फळी लागलेलीच होती. लिंबाजीनं मागून खांदा दिला आणि ड्रायव्हरनं पुढून ओढलं. अक्का पट्ट्याची कडी चाचपत हेल्मेटच्या आतून ओरडत होत्या. लिंबाजीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्याला आज स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

ड्रायव्हर घुटमळला. "या बाई कोण?"

"गाडीतल्या हायेत. तशीच्या तशी पाठवायचीय."

ड्रायव्हरनं पावतीवर तसं लिहून घेतलं, दार लावलं आणि टेम्पो हायवेला लागला.

मग लाल गाडी आली. आता, पहिलीचं काय करायचं ते अक्कांनी सांगितलं होतं. दुसरीचंही सांगितलं होतं. तिसरीबद्दल काहीच नव्हतं. लिंबाजीनं हात हलवून नानांना पुढं जायला सांगितलं. नानांना वाटलं, फेऱ्या मोजण्यात आपलीच चूक झाली. शिवाय अक्का पुढं कुठंच दिसत नव्हत्या. म्हणजे त्या मागंच पडल्या असणार. त्यांनी आनंदानं आरोळी ठोकली आणि आणखी जोरात फिरू लागले.

अर्ध्या तासानं लिंबाजीचा फोन वाजला. अक्कांचा नंबर होता. मागं टोलनाक्याचे भोंगे ऐकू येत होते.

"लिंबाजी! अरे गाढवा, तू मला पुण्याला पाठवलंयस! त्या ड्रायव्हरला फोन करून टेम्पो फिरवायला सांग! ऐकतोयस का?"

लिंबाजीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्यानं जपून विचारलं, "अक्का, तुम्ही आत्ता कुठं बसलाय?"

"कुठं म्हणजे? गाडीत!"

लिंबाजीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि फोन बंद करून खिशात ठेवला.