सातपासून मोजा!

तळ्यातले सगळे एकमेकांच्या घरात डोकावत, त्या काळची गोष्ट. "बेडकीनं उलटं मोजायला शिकवलं, आणि बदकिणीचं पिल्लू गे..." एवढंच साळुंकीचं बोलणं बदकिणीच्या कानी पडलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उलटं मोजलं की पिल्लं घटतात, असं तिची आई सांगायची.

ती तरातरा लव्हाळ्यापाशी आली. "बेडके, माझ्या सात लेकरांवर टपलीस का गं?"

"बदकताई, लव्हाळ्यातली वाट अरुंद आहे. जाताना पहिलं पिल्लू पुढे, पण जागीच वळून येताना सातवं पुढे, आणि जो तो आपला आकडा सांगतो. मग उलटं नको मोजायला?"

"जीभ आवर!"

तेवढ्यात पिल्लं लव्हाळ्यातून येऊ लागली. "सात!" "सहा!" "पाच!"

मग कुणी बोलेचना. शेवटी तिसरं पिल्लू रडकुंडीला येऊन म्हणालं, "आई, माझ्याआधी चार हवा ना!"

बदकीण आत घुसली. चौथ्याचा पाय कडेच्या शेवाळात अडकला होता. तिनं त्याला ओढून काढलं.

परतताना ती साळुंकीवर कडाडली, "पिल्लू गेलं होतं, तेवढं खरं! पण सापडलं कशानं, तेही सांगत फिर!" मग पिल्लांकडे वळून म्हणाली, "बघताय काय? पुन्हा मोजा, सातपासून!"