लांब कबर

“पण हा पीर नेमका झोपलाय कुठे?” माणिकरावांनी विचारलं.

रसूलशा फकीर विस्तवावर फुंकर घालत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

“इथेच.”

“इथेच म्हणजे? ही कबर आहे की नांगराचं तास? माणूस काय एवढा लांब असतो?”

“माणूस तुमच्या-माझ्याएवढाच होता म्हणतात. पुरणारे पुरून गेले. मग ओढ्याला पूर आला, वरची खूण वाहून गेली. मागाहून आलेल्यांना कळेना, आपला पाय कुठे त्याच्या छातीवर पडतोय की काय... म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळीच जागा त्याची करून टाकली.”

“खणून बघायचं होतं.”

फकीर हसला. “तुम्ही मोजणीदार ना?”

माणिकरावांची हयात मोजणीखात्यात गेली होती. कुणाचा बांध सरको, कुणाचा हद्दीचा दगड गडप होवो, माणिकरावांनी साखळी टाकली की जागा सापडलीच म्हणून समजा. त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. आणि आता त्यांच्याच अंगात, यकृतात नि मणक्यात, कॅन्सर येऊन बसला होता. बसला होता खरा, पण निघाला कुठून ते काही डॉक्टरांना उमगेना. नळ्या घातल्या, फोटो काढले, तुकडे काढून तपासले. मूळ गाठ कुठे दिसेचना.

चिंचेखाली पिशवी घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोला, सिंधूताईंना, राहवलं नाही.

“बाबा, तुम्हीच सांगा ह्यांना. डॉक्टर म्हणतात, मूळ सापडो न सापडो, सलाइनमधून औषध देऊ, ते सगळ्या अंगात फिरेल. बरं करतो असं म्हणत नाहीत, पण आवरून धरू म्हणतात. तर हे अडून बसलेत. आधी मूळ दाखवा, मग सुई टोचा!”

“बरोबरच आहे,” माणिकराव म्हणाले. “हद्द ठाऊक नसताना कुंपण कुठे घालायचं?”

“ऐकलंत? मेल्या रोगाचीही मोजणी करायची आहे ह्यांना!”

फकिराने धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर लोबान टाकला आणि धुपाटणं माणिकरावांच्या हाती दिलं.

“आज गुरुवार. माझे गुडघे धरलेत. पिराला धूर तुम्ही द्या.”

“डोक्याशी देऊ?”

“डोकं कुठाय?”

माणिकरावांनी कबरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“ते मलाही ठाऊक नाही. माझ्या उस्तादांनाही नव्हतं. सगळ्या कबरीला धूर द्यायचा, अशीच इथली रीत आहे. या कडेने जा, त्या कडेने या.”

ऊन उतरलं होतं. वारा अगदी पडला होता. माणिकराव कबरीच्या कडेने चालू लागले. हिरवी चादर गुडघ्याला घासत होती. धूर सरळ वर जाईना. चादरीवर ओणवा होऊन तो पुढे पुढे सरकत होता, जसं काही चाचपत...

थोडं अंतर गेल्यावर त्यांना वाटलं, पलीकडच्या कडेनेही कुणी चालतंय.

धुरामुळे दिसत काही नव्हतं. पण पाचोळा वाजत होता. ह्यांच्या पावलाला पाऊल. आणि ह्यांच्यासारखाच डावा पाय जरा ओढत. मणक्याच्या दुखण्याने माणिकरावांचा पाय हल्ली तसा ओढला जायचा.

“फकीरबाबा?”

“मी इथे आहे.” आवाज मागून आला, विस्तवापासून.

माणिकराव थबकले.

पलीकडचा पाचोळाही थांबला.

त्यांनी कान दिला. काही नाही... साधा पक्षी ओरडेना. धुपाटण्यातला धूर बारीक होत चालला.

मग पाचोळा एकदाच वाजला.

अलीकडच्या बाजूला. अगदी त्यांच्या पाठीशी.

मान वळवायचा धीर झाला नाही. माणिकरावांनी निखाऱ्यांवर जोराने फुंकर मारली. धूर भसकन उठला, नि ते निघाले. पुढची पावलं पडली तशी ती दुसरी पावलं पुन्हा पलीकडे गेली, कबरीच्या त्या कडेला. टोकाला वळसा घालून ते परत आले, तरी ती पलीकडेच होती.

“अगंबाई, एवढा घाम कशानं?” सिंधूताई उठल्या. पदराने त्यांचं कपाळ पुसू लागल्या.

माणिकरावांनी त्यांचा हात धरला. तसाच धरून ठेवला.

“सोमवारी जाऊ आपण,” ते म्हणाले. “टोचू दे सुई.”

सिंधूताई बघतच राहिल्या. डोळे भरून आले.

फकिराने धुपाटणं परत घेतलं, राख एका बाजूला झटकली. माणिकराव त्याच्यापाशी वाकले. आवाज खाली आणला.

“बाबा... ते कोण होतं? आलं कुठून?”

“चालत होतात तेव्हा कुठे होतं?”

“पलीकडे.”

फकिराने विस्तवात एक ढलपी सरकवली.

“असू द्या तिथे.”