आकाशातलं भाषण

“पण महाराज, तुम्हाला झोप लागलीच कशी?”

जयसिंग घोरपडेच्या आवाजातला वैताग आता लपत नव्हता. हवाई युद्धावरचा त्याचा सिनेमा येत्या शुक्रवारी गावोगाव लागणार होता. त्यासाठी त्याने परदेशातून माणसं आणली होती, पडद्यावर अख्खं आभाळ पेटवलं होतं. आधी गुरूंचा आशीर्वाद घ्यावा, म्हणून केशवनाथांना डोंगरावरच्या मठातून कोल्हापूरला नेऊन त्याने खास खेळ दाखवला. आणि ऐन लढाईत नाथ घोरायला लागले.

आता दोघं मठात परतले होते.

“लागली खरी,” नाथ म्हणाले.

“एवढे स्फोट चालले होते... खुर्च्या हादरत होत्या.”

“हादरत होत्या. पण विमानात बसलेल्या एकालाही भीती वाटत नव्हती. मग मी एकट्याने कशाला घाबरायचं? डोळा लागला.”

“माझा नायक शूर आहे, महाराज. शूर माणूस घाबरत नसतो.”

नाथांनी कपाळाला हात लावला.

“कुणी सांगितलं तुला?”

जयसिंग चिडून म्हणाला, “तुम्ही मोक्याच्या जागी झोपलात. शत्रूची विमानं पाठीला लागलीत आणि तो एका हाताने विमान सांभाळत मायभूमीवर बोलतो. तिथे थिएटर डोक्यावर घेतील लोक.”

“लांब आहे का भाषण?”

“आहे थोडं.”

“तोवर ते पाठीला लागलेले काय करतात?”

“ते...” जयसिंग अडखळला. “थांबतात.”

“सज्जन आहेत बिचारे.”

जयसिंग ताडकन उठला. इतकी वर्षं या माणसाच्या पायाशी बसलो, आणि आज हा थट्टा करतोय. “सिनेमा असाच असतो, महाराज. तुम्हाला नाही कळायचं.”

“नसेल कळत. चल.”

मठामागे कडा होता. नाथ काठावर जाऊन पाय खाली सोडून बसले आणि शेजारची जागा त्यांनी थोपटली. नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून जयसिंग बसला. टाचांखाली काहीच नव्हतं. खाली दरी, दरीत घारी फिरत होत्या. घारींच्या पाठी दिसत होत्या.

वारा आला. जयसिंगने नाथांचं मनगट घट्ट धरलं.

“म्हण आता,” नाथ म्हणाले.

“काय?”

“भाषण. तूच लिहिलंयस ना?”

जयसिंगने तोंड उघडलं. पहिला शब्दच आठवेना.

...

बऱ्याच वेळाने नाथांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. तो गवतावर बसून राहिला.

“काढून टाकतो भाषण,” तो पुटपुटला. “मग तरी बरा होईल ना सिनेमा?”

नाथ त्याच्या शेजारी गवतावर बसले.

“तुझा नायक एक विमान पाडतो. त्यात कोण होतं?”

“शत्रू, महाराज.”

“त्याचं पुढे काय झालं?”

“पुढे काय व्हायचं? विमान फुटतं. मी लगेच पुढचा प्रसंग घेतो.”

“खाली पडताना दाखवला नाहीस?”

“नाही... त्याची गरजच नव्हती.”

नाथांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

“मग तो अजून वरच आहे रे, जयसिंगा.”