तट राखणारे हातधरे

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी, तर माणसाला कातडी आली तेव्हाची. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

काया नावाची एक नगरी होती आणि त्वचा हा तिचा तट. त्याच्या विटा आत घडत आणि रांगेरांगेने बाहेर सरकत. प्रत्येक वीट शेजारच्या विटेशी दोरीने बांधलेली असे. सगळ्यांत बाहेरच्या रांगेत पोचली, की कातरे नावाचे कामगार तिची दोरी कापत आणि झिजलेली वीट गळून पडे. हे कातरे विटांबरोबर आतूनच चालत येत, हातात उघडी सुरी घेऊन. म्हणून प्रत्येकाचं मनगट एक हातधरा पकडून ठेवी. बाहेरची आंबट हवा लागली की पकड सोडायची, त्याआधी नाही, अशी रीत होती.

नगरीचा राजा मोठा संशयी. आरशात बघतानाही तो आधी मागे वळून बघे. एकदा हेरांनी त्याच्या कानात सांगितलं, "महाराज, हे हातधरे वीट घडवत नाहीत, दोरी वळत नाहीत. नुसते कातऱ्यांना चिकटून चालतात."

राजाच्या मनात पाल चुकचुकली. "काम करणाऱ्याचा हात धरतात? शत्रूला सामील असणार!"

हे कळताच हातधऱ्यांची म्हातारी म्होरकी दरबारात आली. "महाराज, आम्ही धरतो म्हणून तट उभा आहे."

"चोराच्या मनात चांदणं! तुला तटाचं कुणी विचारलं?" राजा गरजला आणि त्याने सगळ्या हातधऱ्यांना हाकलून दिलं. मला विचाराल तर आधी हेरांना हाकलायला हवं होतं, पण मला विचारतो कोण!

कातरे मोकळे सुटले. आतल्या रांगांच्या दोऱ्याही कापल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी कोवळ्या विटा ढासळल्या, तट लालबुंद झाला. नगरीतलं पाणी भेगांतून झिरपून विहिरी आटल्या. बाहेरची धूळ आणि फुलांचे पराग आत शिरले. पहारेकरी त्या परागांनाच शत्रू समजून भाले फेकू लागले आणि आपलीच रयत घायाळ झाली.

राजाने एका कातऱ्याची मानगूट धरली. "फितूर!"

"फितूर कसला, महाराज? सुरी हातात, दोरी समोर. आम्हाला कापणंच ठाऊक. थांबवायचे ते हातधरे."

राजाच्या पायाखालची जमीन सरकली. तो अनवाणी तटाबाहेरच्या माळावर धावला. तिथे म्हातारी आणि मोजकेच हातधरे उरले होते, बाकीचे कुठल्या कुठे पांगले होते. उरलेले परत आले, पण ते पुरेनात. शेवटी राजाने स्वतः एका कातऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. नवे हातधरे तयार होईपर्यंत त्याला ते सोडता आलं नाही, घास तोंडात घालायलाही नाही.

नगरी वाचली. पण तटाची एक बाजू कायमची दुबळी राहिली आणि वारा लागला की ती अजून लाल होते.

बोध: काम करणारा मोलाचा, तसाच वेळ येईपर्यंत त्याला थोपवून धरणाराही मोलाचा.