आदगोंडाचं सगळ्यात उत्तम सेटिंग

एका गावात एक भोळा मेहुणा होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं म्हणून. गाव त्याला दुसरंच काही म्हणायचं. नाव आदगोंडा. त्याचे दाजी भूपाल यांचा साचे बनवायचा छोटा कारखाना होता, आणि कारखान्यात एक स्पार्क मशीन होतं. तांब्याचा ठसा पोलादाजवळ आणायचा, मध्ये तेल, तेलात ठिणग्या. ठिणगीगणिक पोलाद कणाकणाने उडतं आणि ठशाचा आकार पोलादात उतरतो. गाढवालाही समजेल असं काम. पण दाजींनी त्यावर बायकोच्या भावाला बसवलं.

पहिल्याच दिवशी आदगोंडाने मशीनची सगळी बटणं एकदम फिरवली. पोलाद काळंठिक्कर पडलं.

"आरं, एका वक्ताला एकच गोष्ट बदलायची," दाजी म्हणाले. "बाकीचं हाय तसं ठेवायचं. मग कळतंय, कशानं काय झालं ते."

आदगोंडाने मान हलवली. मान हलवणं त्याला फार सुरेख जमायचं.

दुसऱ्या दिवशी चौगुले शेठांचं काम आलं. शेठ प्लास्टिकचे कंगवे बनवायचे, आणि दाजींची चूल त्यांच्याच कामावर पेटायची. आदगोंडाने कालचं पोलाद काढलं, शेठांचं लावलं. झाली एक गोष्ट बदलून! कालचा शर्टाच्या गुंडीचा ठसा त्याने हात न लावता तसाच ठेवला. संध्याकाळी कंगव्याच्या पोलादात झकास गुंडी उतरली.

"आरं, ठसा कोण बदलणार?"

"तो बी बदलला असता तर दोन गोष्टी झाल्या असत्या की, दाजी!"

दाजींनी कपाळावर हात मारला. शहाण्या माणसाने इथेच मेहुण्याला घरचा रस्ता दाखवला असता. पण दाजी बायकोला भ्यायचे. त्यांनी त्याला शहरात वर्गाला धाडलं. चाचण्या घेऊन, आकडेमोड करून मशीनचं उत्तम सेटिंग कसं काढायचं, ते तिथे शिकवत. मास्तर म्हणाले, "एका चाचणीवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक चाचणी तीनदा करा आणि सरासरी घ्या."

आदगोंडाने तिथेही मान हलवली. प्रमाणपत्र मिळालं.

शेठांनी दुसरं पोलाद दिलं. खोली पाच मिलिमीटर हवी होती. आदगोंडाने पाच मिलिमीटर उतरवलं. मग त्याच जागी आणखी पाच. मग आणखी पाच. पोलाद तेवढं जाड नव्हतंच. ठसा आरपार गेला.

"सरासरी काढून बघा, दाजी. पाचच येतीया."

दाजी खवळले. "सरासरीच्या नावानं आंघोळ कर! ठसा बघ किती झिजला! विजेचं बिल बघ! ठसा कमीत कमी झिजला पायजे, वीज कमीत कमी जळली पायजे, पोलाद आरशागत दिसाय पायजे. शिकून आलायस न्हवं? मग ह्या तिन्हीचं सगळ्यात उत्तम सेटिंग काढून दाव!"

आदगोंडाने मान हलवली.

चौगुले शेठ स्वतः आले. "भूपाल, हे शेवटचं पोलाद. सोमवारी साचा न्हाई मिळाला, तर माझं समदं काम दुसरीकडं."

हे काम गेलं की कारखान्याला कुलूपच. पण आदगोंडा भंगाराच्या तुकड्यांवर चाचण्या घेताना दिसला. बारा अँपिअर, सहा अँपिअर, तीन अँपिअर, प्रत्येक तीनदा. भिंतीवर आलेख लागले. रेघ सारखी खाली उतरत होती. दाजींची छाती फुगली. ती कुठे चाललीय, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही. मेहुणा तसे दाजी.

सोमवारी शेठ आले. आदगोंडाने फडक्यात गुंडाळलेलं पोलाद आणून ठेवलं आणि फडकं ओढलं. पोलाद लखलखत होतं.

"ठशाची झीज शून्य. वीज शून्य. आणि पोलाद बघा, शेठ, मिशा विंचरून घ्या!"

शेठांनी पोलाद उलटं केलं, सुलटं केलं. "आन कंगवा कुठाय?"

"बारा अँपिअरला ठसा लई झिजतोय," आदगोंडा समजावून सांगू लागला. "सहाला कमी. तीनला आणखी कमी. मग मी मशीन बंदच ठेवलं. ह्याच्यापेक्षा उत्तम सेटिंग जगात न्हाई."

शेठ पोलाद काखेत मारून निघून गेले ते गेलेच. त्यांच्यामागून बाकीची गिऱ्हाइकंही गेली. आता कारखान्यात ना ठसा झिजत, ना वीज जळत. दाजी दारात डोकं धरून बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला आदगोंडा अभिमानाने मशीन दाखवतो.

"बघा, सेटिंग अजून जराबी हललं न्हाई."