शेषोबाची मान अवघडली

एक होती राणी. मंजुळा तिचं नाव. राज्य एवढंसं, डोंगराच्या पोटातलं. राजा? राजा गेला होता शिकारीला, त्याचं आपल्याला काय करायचंय? गोट्या, मधे बोलायचं नाही.

तर नागपंचमीचा दिवस. राणी वारुळाला दूध-लाह्या घेऊन गेली. वारुळातून डोकं कुणी काढावं? साक्षात शेषानं! त्याच्या डोक्यांवर अख्खी पृथ्वी आहे, बरं का. हजारातलं एक डोकं त्यानं जरा बाहेर काढलं.

"बाई," तो म्हणाला, "माझी मान अवघडलीय. वरून कधी रडणं ऐकू येतं, कधी गाणं. तुमची माणसं दुष्ट की मायाळू? एका शब्दात सांग. दुष्ट असतील, तर मी हे ओझं टाकून मोकळा होतो."

राणीनं दुधाची वाटी तशीच खाली ठेवली. घरी तान्ही लेक होती हो तिची! मायाळू म्हणून टाकायचं की, असं तुम्हाला वाटेल. पण शेषापुढे खोटं बोलायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटते. मग शेषानं तिला एक मणी दिला. मुठीत धरून डोळे मिटायचे, की कुठलाही मुलूख दिसतो, कुठलाही काळ दिसतो.

राणीनं डोळे मिटले. फार फार जुना काळ, वाळूचा मुलूख. माणसं घराएवढा धोंडा ओढताहेत आणि वरून चाबूक. राणी म्हणाली, दुष्टच गं बाई! इतक्यात एक म्हातारा धोंड्यापुढे पडला. मग काय झालं? सगळ्यांनी दोर धरून ठेवला. चाबूक बसत होते, पण म्हातारा उठेपर्यंत एकानं पाऊल पुढे टाकलं नाही. राणी गोंधळली.

मग तिनं दुसऱ्यांदा पाहिलं. समुद्रापलीकडचा देश. माणसं मोठ्ठी शिडी चढताहेत. खालचे शिडी घट्ट धरून उभे, वरचे हात देऊन ओढून घेताहेत, आपल्या घोटातलं पाणी दुसऱ्याला देताहेत. राणी म्हणाली, किती मायेची माणसं! आणि शिडी कशाला लावली होती, माहितीये? तटाच्या आतलं गाव जाळायला! राणीच्या डोक्याचा पार भुगा झाला.

मग तिसऱ्यांदा तिनं आपलंच राज्य पाहिलं. ओढ्याच्या दोन्ही काठांना दोन वाड्या. पाण्यावरून भांडल्या, अंधारात दगड फेकले. अलीकडच्या गोंदाजीला दगड लागला आणि तो गेला. पलीकडे कुणाला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायच्या, म्हणून अलीकडून कुणी हाळी दिली, "गोंदाजीकडे सावडायचं हो!" वाऱ्यानं अर्धी हाळी नेली. पलीकडे पोचलं एवढंच, "गोंदाजीकडे सावड हो!"

सावड म्हणजे काय, ठाऊक आहे ना? आज आम्ही तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही आमच्या. गोंदाजी त्यांच्याकडे लावणीला राबून गेला होता. भांडण असलं म्हणून काय झालं? सावड फेडायलाच हवी. मग काय, डोक्यावर इरली, म्हणजे पावसाची पानांची टोपरी, घेऊन पलीकडची सगळी वाडी दारात हजर!

आणि दारात अस्थींचं मडकं धरून गोंदाजीची बायको, ठकूबाई. सगळे जागच्या जागी गोठले. तेव्हा कुठे त्यांना कळलं, गोंदाजी गेला.

ठकूबाईनं एकेकाच्या हाताकडे पाहिलं. यातल्याच कुठल्यातरी हातानं दगड मारला होता. ती म्हणाली, "आलाच आहात तर भात लावून जा. माझ्याशी बोलू नका." आणि त्यांनी सगळं शेत लावलं, हो. डोळे पुसत लावलं.

राणीनं डोळे उघडले.

"सावड," ती म्हणाली.

"म्हणजे दुष्ट की मायाळू?"

राणीला रडूच फुटलं. "शेषोबा, मला नाही हो कळलं! मारणारे हात तेच आणि लावणारेही तेच. अस्थी सावडायच्या आणि सावड फेडायची, दोन्हीला माझ्याकडे एकच शब्द आहे."

शेषानं आपलं डोकं वारुळाला घासलं. मग म्हणाला, "मलाही नाही कळलं. कळल्याशिवाय टाकून कसं देऊ?" त्यानं पृथ्वी ह्या डोक्यावरून त्या डोक्यावर घेतली आणि गेला वारुळात. अजून विचारच करतोय बिचारा.

ठकूबाईचं पुढे काय झालं, म्हणता? तिचं भात पिकलं. आणि पुढच्या पावसाळ्यात पलीकडून सावडीची हाळी आली. ठकूबाई घरात बसून खूप रडली. मनात येईल ते बोलली त्यांना. मग पदर खोचला, इरलं घेतलं आणि ओढा उतरून गेली.

का गेली, ते मला विचारू नका. मलाही उमगलेलं नाही. पण दोन्ही वाड्या जगल्या, पोरंबाळं वाढली, सगळी सुखानं नांदली. चला, पाय आत घ्या, पांघरुणासाठी भांडू नका. झोपा आता.